नवा घ्यावा की जुना? पेंटबॉल मार्करचा इतिहास आणि दोनशे डॉलरचा प्रश्न

१/२४
मिशिगनमध्ये शिकणाऱ्या माझ्या मावसभावाचा गेल्या महिन्यात निरोप आला : “ताई, पेंटबॉल खेळायला लागलोय. स्वतःचा मार्कर घ्यायचाय. हाताशी दोनशे डॉलर आहेत. नवा घेऊ की जुना? तू इतिहासवाली, जुन्या वस्तूंतलं तुलाच कळतं.” त्याने थट्टा केली होती, मी ती मनावर घेतली. आजचा थ्रेड म्हणजे त्याला दिलेले सविस्तर उत्तर होय.

२/२४
त्याच्यापुढे तीन पर्याय होते.
अ) दुकानातील नवा, साधा यांत्रिक मार्कर. किंमत १३० डॉलर. मुखवटा व हवेचा सिलिंडर वेगळा घ्यायचा.
आ) जुना इलेक्ट्रॉनिक मार्कर. किंमत १५० डॉलर. सोबत मुखवटा आणि कार्बन फायबरचा सिलिंडर ‘फुकट’. मूळ किंमत हजाराच्या घरात होती, असे विक्रेत्याचे म्हणणे.
इ) जुना टिपमन मॉडेल ९८. किंमत ६० डॉलर. केवळ मार्कर.
त्याचे मन अर्थातच ‘आ’वर जडले होते.

३/२४
एखादे जुने पत्र हाती आले की इतिहासाचा विद्यार्थी दोन प्रकारचे प्रश्न विचारतो. कागद, शाई, शिक्का, तारीख त्या काळाशी जुळतात का, हे बहिरंग परीक्षण. मजकूर सांगतो ते खरे मानता येईल का, लिहिणाऱ्याचा हितसंबंध कोणता, हे अंतरंग परीक्षण. जुनी वस्तू विकत घेणे हीदेखील साधनचिकित्साच आहे. पण त्याआधी ते साधन कोणत्या काळातले, हे ठाऊक हवे. म्हणून प्रथम इतिहास.

४/२४
पहिला प्रश्न नावाचा. याला ‘बंदूक’ न म्हणता ‘मार्कर’ का म्हणतात? ही केवळ सौम्य भाषा नव्हे. हे यंत्र जन्माला आले तेच खुणा करण्यासाठी. मिशिगन राज्यातील आयर्न माउंटन या गावी नेल्सन पेंट कंपनी वनखात्यांसाठी झाडांवर खुणा करण्याचा रंग तयार करीत असे. तोडायची झाडे रंगवताना वनरक्षकाला प्रत्येक बुंध्यापाशी जावे लागे. मध्ये ओढा किंवा दाट झुडपे आली की काम अडे.

५/२४
उपाय सुचला तो औषधांच्या कारखान्यातून. जीवनसत्त्वाच्या मऊ जिलेटिन कॅप्सूल आपण पाहतोच. तशाच गोल कॅप्सूलमध्ये तेलरंग भरायचा आणि ती दुरून झाडावर फेकायची. आजही पेंटबॉल म्हणजे मूलतः एक कॅप्सूलच आहे. तिचा व्यास ०.६८ इंच, म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर. गुराख्यांनाही याचा उपयोग होता : कळपातले नेमके जनावर दुरूनच खूण करून वेगळे काढता येई.

६/२४
गोळी झाली, आता ती फेकणारे यंत्र हवे. १९६०च्या दशकात क्रॉसमन या हवेच्या बंदुका बनवणाऱ्या कंपनीने ‘७०७’ नावाचे मॉडेल काढले. ते फारसे चालले नाही. मग नेल्सनने डेझी या दुसऱ्या कंपनीकडे काम सोपवले. तिथल्या जेम्स हेल यांच्या रचनेला १९७४ साली पेटंट मिळाले. हेच ते प्रसिद्ध ‘नेलस्पॉट ००७’. लहानशी १२ ग्रॅमची कार्बन डायऑक्साइडची कुपी, आणि प्रत्येक गोळीमागे हाताने ओढावा लागणारा खटका.

७/२४
आता कालरेषेवरची महत्त्वाची तारीख : २७ जून १९८१. स्थळ : न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर. लेखक चार्ल्स गेन्स आणि शेअर दलाल हेज नोएल या मित्रांत जुना वाद होता. जंगलात तगून राहण्याची उपजत वृत्ती खेड्यातल्या माणसात अधिक की शहरातल्या व्यवहारात मुरलेल्या माणसात? शेती-साहित्याच्या एका कॅटलॉगमध्ये त्यांना नेलस्पॉट दिसले आणि वाद मिटवण्याचे साधन सापडले.

८/२४
गेन्स, नोएल आणि बॉब गर्न्सी यांनी नियम आखले. एकूण बारा खेळाडू, प्रत्येकाच्या हाती नेलस्पॉट, डोळ्यांवर गॉगल, खिशात नकाशा आणि होकायंत्र. चार ठिकाणी झेंडे ठेवलेले. अंगावर रंग न लागता चारही झेंडे गोळा करील तो जिंकला. जिंकला रिची व्हाइट. व्यवसायाने वनपाल. आणि त्याने संपूर्ण खेळात एकही गोळी झाडली नाही.

९/२४
ही गोष्ट मी भावाला मुद्दाम सांगितली. पहिला खेळ शेतीच्या अवजाराने खेळला गेला, तेव्हा खेळासाठी घडवलेला मार्कर जगात नव्हताच. आणि तो जिंकणाऱ्याने ते अवजारही वापरले नाही. ‘महागडा मार्कर घेतला की खेळ सुधारेल’ या समजुतीला या खेळाच्या जन्मदिवसाचाच आधार नाही. बजेट ठरवताना हे पहिले वाक्य म्हणून लिहून ठेवावे.

१०/२४
खेळाडूंपैकी एक बॉब जोन्स, ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’चा लेखक. त्याच्या लेखानंतर लोकांची विचारणा सुरू झाली आणि गर्न्सींनी ‘नॅशनल सर्व्हायव्हल गेम’ या नावाने खेळाचा व्यवसाय उभा केला. पहिली काही वर्षे रंग तेलाचा होता. कपड्यांवरून तो काढायला टर्पेंटाइन लागे. पाण्याने धुता येणारा रंग नंतर आला. वनखात्याचे अवजार हळूहळू खेळणे होऊ लागले.

११/२४
येथून मार्करच्या इतिहासाचे तीन कालखंड पाडता येतात. ते लक्षात ठेवा, कारण जुन्या बाजारात तिन्ही कालखंडांचे अवशेष शेजारी शेजारी मांडलेले असतात.
पहिला : हाताने ओढायचा पंप.
दुसरा : यांत्रिक अर्धस्वयंचलित. एकदा चाप ओढला की एक गोळी, पुढची तयारी वायू आपोआप करतो.
तिसरा : इलेक्ट्रॉनिक. चाप म्हणजे बटण. वायूची झडप विजेवर उघडते.

१२/२४
पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाताना एक विलक्षण वळण आहे. डेनिस टिपमन हे जुन्या मशीनगनच्या निम्म्या आकाराच्या, चालणाऱ्या प्रतिकृती बनवत. १९८६ साली अमेरिकेत नागरिकांसाठी नव्या मशीनगनची नोंदणी कायद्याने थांबली. तो धंदा आटला आणि हे कौशल्य पेंटबॉलकडे वळले. त्यांचे ‘एसएमजी-६०’ हे आरंभीचे मॉडेल ०.६२ इंची गोळ्यांचे होते. आज मैदानांवर सर्रास ०.६८ इंची गोळ्या मिळतात. संग्राहकासाठी ते रत्न आहे, रविवारच्या खेळासाठी मात्र निरुपयोगी.

१३/२४
१९९०च्या आसपास आणखी दोन नावे गाजली : ऑटोमॅग आणि ऑटोकॉकर. ऑटोकॉकर म्हणजे खरे तर जुना ‘स्नायपर’ हा पंप मार्करच; हाताने करायचे काम नळीच्या पुढे बसवलेल्या छोट्या वायुयंत्रणेकडे सोपवलेले. कल्पना सुंदर, पण प्रत्येक हालचालीची वेळ घड्याळासारखी जुळवावी लागते. मागच्या मालकाने हौसेने स्क्रू फिरवलेला असेल, तर नवख्याला ती पुन्हा जुळवता येत नाही. असा मार्कर स्वस्त मिळतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

१४/२४
याच कालखंडाच्या अखेरीस, १९९८ मध्ये, टिपमनचे मॉडेल ९८ आले. त्यात नवे असे काही नव्हते : एक दट्ट्या, एक स्प्रिंग, एक झडप, एक हातोडी, धातूचे दोन अर्धे कवच आणि ते जोडणारे स्क्रू. भाड्याने मार्कर देणाऱ्या मैदानांनी तो उचलून धरला. दररोज निराळ्या हातांत जाणारी, चिखलात पडणारी वस्तू दुरुस्त करायला सोपीच हवी. कंपनीची मालकी पुढे बदलत गेली. पण इतके मार्कर विकले गेले होते की सुटे भाग आणि माहितगार माणसे टिकून राहिली.

१५/२४
तिसरा कालखंड १९९६-९७ चा. अमेरिकेच्या स्मार्ट पार्ट्सचा ‘शॉकर’ आणि इंग्लंडच्या डब्ल्यूडीपीचा ‘एंजल’. गोळ्यांचा वेग सेकंदाला किती, ही चढाओढ सुरू झाली. स्मार्ट पार्ट्सने पेटंटच्या जोरावर स्पर्धकांना न्यायालयात खेचले. २०१० मध्ये ती कंपनीच बंद पडली. येथे जुन्या वस्तूच्या ग्राहकाने थांबून विचार करावा. दट्ट्याचा रबरी वायसर कुठूनही मिळेल. पण एका विशिष्ट मॉडेलसाठी छापलेला सर्किट बोर्ड, तो बनवणाराच नाहीसा झाला, तर कुठून आणणार?

१६/२४
म्हणून पहिला निष्कर्ष असा. जुन्या मार्करचे वय वर्षांत मोजू नये. त्याचा सर्वांत नाजूक भाग आज मिळतो का, यावर मोजावे. या मापाने पंचवीस वर्षांचा मॉडेल ९८ ‘तरुण’ ठरतो आणि बारा वर्षांचा एखादा इलेक्ट्रॉनिक मार्कर ‘जख्ख म्हातारा’. मूळ किंमत हजार डॉलर होती, हा इतिहास झाला. ती किंमत आज बोर्ड दुरुस्त करून देत नाही.

१७/२४
आता बहिरंग परीक्षण. भावाला सांगितले, विक्रेत्याकडून चार फोटो मागव.
स्क्रूंची डोकी : झिजलेली असतील तर मार्कर वारंवार, तेही चुकीच्या अवजाराने, उघडला गेला आहे.
नळीचे आतले तोंड : ओरखडे असतील तर गोळ्या आतच फुटतील.
सिलिंडर बसवायचे आटे : येथे झीज असेल तर सौदा तिथेच संपवावा.
आणि सिलिंडरवरची तारीख. हा आपला शिलालेख. तो वाचल्याशिवाय पुढे जायचे नाही.

१८/२४
तारखेचे महत्त्व का? हवेच्या सिलिंडरमध्ये प्रत्येक चौरस इंचावर ३००० किंवा ४५०० पौंड दाब कोंडलेला असतो. अमेरिकेत अशा सिलिंडरची ठरावीक मुदतीने, सामान्यतः दर पाच वर्षांनी, पाण्याच्या दाबाखाली चाचणी व्हावी लागते. कार्बन फायबर गुंडाळलेल्या सिलिंडरचे एकूण आयुष्य सहसा पंधरा वर्षांचेच धरतात. ‘फुकट’ सिलिंडरचा फोटो आला. त्यावरच्या तारखेला सोळा वर्षे उलटून गेली होती. कोणतेही जबाबदार मैदान तो भरून देणार नव्हते. पर्याय ‘आ’चा एक खांब कोसळला.

१९/२४
येथे थोडे गंभीर होऊ. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा जुना अनुभव क्लेशदायक आहे. सिलिंडर मार्करवरून काढताना झडपेसह सुटायला हवा. पण ढिली झडप मार्करलाच चिकटून राहिली आणि फक्त बाटली फिरत सुटली, तर ती क्षेपणास्त्रासारखी उडते. अमेरिकेत अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. त्यातूनच एक साधी सवय रुजली : झडप आणि बाटली यांच्या सांध्यावरून नेलपॉलिशची उभी रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की सिलिंडरला हात लावायचा नाही, जाणकाराकडे द्यायचा.

२०/२४
मुखवट्याचीही गोष्ट तशीच. १९८१च्या बारा जणांनी साधे गॉगल लावले होते. आजच्या मैदानांवर गोळीचा वेग सेकंदाला ३०० फुटांपेक्षा, म्हणजे सुमारे ९१ मीटरपेक्षा, अधिक चालत नाही. पण एवढा वेगही डोळा कायमचा घालवायला पुरेसा आहे. पेंटबॉलसाठीच प्रमाणित केलेला, चेहरा व कान झाकणारा मुखवटा हवा. त्याच्या काचेने आधी किती मार खाल्ला, किती वर्षे उन्हात काढली, हे नुसत्या नजरेला दिसत नाही. ज्या साधनाची चिकित्सा करता येत नाही, ते जुने घेऊ नये. ‘फुकट’ मुखवटाही बाद.

२१/२४
मग अंतरंग परीक्षण. ‘फक्त दोनदाच वापरलाय’ ही विक्रेत्याची साक्ष. खोटी असेलच असे नाही, पण साक्ष देणाऱ्याचा हितसंबंध उघड आहे. म्हणून स्वतंत्र पुरावा घ्यावा. मैदानावरच भेटावे. सिलिंडर जोडून मिनिटभर शांतपणे ऐकावे : हिस्स असा आवाज म्हणजे गळती. मैदानाच्या वेगमापकावर दहा गोळ्या झाडून आकडे लिहावेत. ते एकमेकांच्या जवळ असतील तर आतली यंत्रणा ठीक आहे. वर-खाली उड्या मारत असतील तर स्प्रिंग, झडप किंवा वायसर थकले आहेत. मात्र कार्बन डायऑक्साइडचा दाब थंडी-उन्हाने बदलतो, म्हणून ही चाचणी हवेच्या सिलिंडरवर करावी.

२२/२४
शेवटी हिशेब. नवा मार्कर १३०, नवा मुखवटा ४५, नवा ॲल्युमिनियमचा हवेचा सिलिंडर ५० : एकूण २२५. बजेटबाहेर. या २५ डॉलरसाठी मुखवट्यात काटकसर करणे हाच खरा धोका, आणि नवा मार्कर घेणारे नवखे खेळाडू नेमके इथेच चुकतात.
जुना मॉडेल ९८ ६०, वायसरांचा संच १०, नवा मुखवटा ४५, नवा सिलिंडर ५० : एकूण १६५. उरलेले ३५ पहिल्या दिवसाच्या गोळ्या आणि हवेसाठी. हातात २५० असते तर मी नवा घे म्हटले असते. दुकानाची हमी आणि न झिजलेले आटे यांची किंमत तेवढी नक्कीच आहे.

२३/२४
थोडक्यात नियम असा : दाब कोंडणारी आणि डोळे राखणारी वस्तू नवी घ्यावी, जी उघडून पाहता येते, जिचे भाग मिळतात, ती जुनी चालते. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या आसपासच्या मैदानांवर मार्कर बहुधा भाड्यानेच मिळतो, त्यामुळे खरेदीचा प्रश्न येत नाही. पण मुखवट्याची चिकित्सा तिथेही करावी. काचेला तडा असेल, पट्टा सैल असेल, तर संकोच न करता दुसरा मागावा. आणि मैदानात तो एका क्षणासाठीही वर करू नये.

२४/२४
भावाने मॉडेल ९८ घेतला. पहिल्या रविवारी दहा गोळ्यांचे आकडे त्याने मला एखाद्या नोंदवहीसारखे लिहून पाठवले. दोन आकडे भरकटलेले होते. वायसर बदलल्यावर ते जागेवर आले. दुपारच्या डावात तो सर्वांत शेवटपर्यंत टिकला. किती गोळ्या झाडल्यास, असे विचारले तर म्हणाला, “ताई, अकरा. बाकी वेळ झाडामागे बसून होतो.” हेनिकरच्या त्या वनपालाला हा डाव आवडला असता.
तुमच्या घरात एखादे जुने यंत्र, कॅमेरा, घड्याळ, सायकल असेल, तर त्याचे बहिरंग परीक्षण करून खाली लिहा. निवडक नोंदींवर पुढचा थ्रेड करू.